काशीच्या आधीचं सीताफळ

काशीला जाऊन आलं की माणसानं एक फळ सोडायचं, अशी आमच्याकडं रीत आहे. सोडायचं म्हणजे कायमचं. गंगेत उभं राहून फळाचं नाव घ्यायचं आणि पुन्हा जन्मात त्याला तोंड लावायचं नाही. देवाला आपल्या आवडीचं काहीतरी द्यावं, हा त्यातला अर्थ. पण माणसं काय कमी बेरकी असतात? आमच्या कळस गावातल्या एका तात्यांनी फणस सोडला. इंदापूर तालुक्यात फणस! अहो, इथं फणसाचं झाड दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. शेजारच्या काकूंनी बसमधल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून ड्रॅगन फ्रूट सोडलं. तोवर त्यांनी ते बघितलंही नव्हतं. घरी आल्या, तर पुढच्याच वर्षी त्यांच्या लेकानं एकरभर ड्रॅगन फ्रूट लावलं. आता काकू हंगामभर क्रेट भरत बसतात आणि देवाला कसं कळलं म्हणून कपाळावर हात मारून घेतात.

आमच्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची, गोष्ट आणखी वेगळी. ते फार वर्षांपूर्वी गावातल्या माणसांबरोबर काशीला गेले होते. फळ म्हणून त्यांनी सफरचंद सोडलं, ते सोपं होतं. पण तिथं कुणीतरी म्हणालं, एक भाजीही सोडा, पुण्य वाढतं. आबांना भरून आलं आणि त्या भरात ते वांगं सोडून बसले. तेव्हापासून घरात भरीत केलं की आबा ओट्यावर जाऊन बसतात आणि कुत्र्याला उगाच हाड् हाड् करतात.

तर अशा घरात एका घटस्थापनेच्या दिवशी आत्याबाईंनी जाहीर केलं, “मी फाल्गुनात काशीला जाणार. आन् सीताफळ सोडणार.”

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. हे ऐकून माझ्या हातातली परात खाली पडता पडता राहिली. कारण आत्याबाई आणि सीताफळ हे काय प्रकरण होतं ते सगळ्या वस्तीला माहीत होतं. आमच्या बांधाला सीताफळाची झाडं आहेत. ती आत्याबाईंनी लग्न होऊन आल्यावर बिया टोकून लावलेली. प्रत्येक झाडाचा स्वभाव त्यांना पाठ. हे उशिरा येतं, ह्याचं फळ लहान पण गोडीला भारी, ह्याला पाणी जास्त झालं की रुसतं. श्रावण सरला की त्या रोज बांधाला चक्कर मारायच्या आणि कुठल्या फळाचे डोळे उघडले ते बघायच्या. फळावरच्या खवल्यांच्या मधली रेघ पांढरट झाली की आम्ही डोळे उघडले म्हणतो. मग ते तोडायचं, भुसात घालायचं, आणि दोन दिवसांनी नुसतं बोट लावलं तरी फुटतं. आत्याबाई ते बांधावरच बसून खायच्या. हाताला, हनुवटीला सगळा गर. बिया एका बाजूनं टपाटपा बाहेर. पाखरानं अर्धं खाल्लेलं सापडलं तर दुधात साखर, कारण पाखराला गोडीतलं कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळी त्यांना हाक मारली तर ओ द्यायच्या नाहीत.

आणि ही बाई सीताफळ सोडणार!

घरात सगळ्यांनी समजावलं. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, म्हणाले, “आई, कवठ सोड.” आबा म्हणाले, “आवडीचं सोडू नगं. मी वांगं सोडलं आन् जन्माचा पस्तावलो.” मी तर पपईच लावून धरली. पपई त्यांना अजिबात आवडत नाही, वासानंच मळमळतं. पण पपई आमच्या रानात येते, बाजारात मिळते, म्हणजे देवाला फसवल्यासारखंही नाही. मला तर ही तोड फार नामी वाटली होती.

“देवाला नासकं दान देऊ व्हय?” आत्याबाई म्हणाल्या. “एखाद्यानं आपल्याकडं मागितलं तर आपण दावणीची चांगली गाय देतो, का भाकड?”

“देवानं मागितलंय कुठं?” मी म्हणाले.

“तुला काय ठावं?” एवढं बोलून त्या उठून गेल्या.

मला राग आला की मी भांडी आपटते. त्या दिवशी दोन पातेल्यांना पोचे आले. माझं म्हणणं साधं होतं. ह्या बाईनं आयुष्यभर सगळ्यांच्या पानात वाढून मग उरलंसुरलं खाल्लं. आबा काशीला गेले तेव्हाही गुरांमागं कोण, म्हणून ह्या घरीच राहिल्या. हौस म्हणाल तर एक सीताफळ. तेवढं एक देवाच्या डोळ्यावर यावं?

पण आत्याबाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तेव्हा मी मनाशी ठरवलं की सोडायचंच असेल तर सोडू देत, पण काशीची गाडी निघेस्तोवर त्यांना सीताफळ पोटभर खायला मिळालं पाहिजे. आता इथं एक अडचण होती. सीताफळाचा जीव केवढा? झाडावर सगळी एकदम येतात, एकदम पिकतात, आणि दोन दिवसांत खाल्ली नाहीत तर काळी पडतात. दिवाळी झाली की बांध मोकळा. आणि काशी फाल्गुनात. मधले महिने काय करायचं?

साठवायचं, दुसरं काय. आंब्याचा रस आटवून आपण ठेवतोच की. मी घमेलंभर सीताफळं फोडली, चमच्यानं गर खरवडला, बिया काढता काढता बोटांना सुरकुत्या पडल्या. मग मोठ्या पातेल्यात गर घालून गॅसवर ठेवला आणि हलवत बसले. वास काय सुटला म्हणता! आणि रंग जरा गुलाबी झाला, तर मी म्हणाले, वा, काय सुंदर. चमचाभर चाखला. कडूजहर! कारल्यानं मान खाली घालावी इतका कडू. मी साखर घातली. मग कडू आणि गोड असं दोन्ही लागायला लागलं, ते तर आणखी वाईट. आबा तेवढ्यात आत आले. मी काही बोलायच्या आत त्यांनी चाखायला काढलेली वाटी उचलून गटागटा पिऊन टाकली आणि तोंड पुसून म्हणाले, “काढा चांगला झालाय. सर्दीवरचा हाय का?”

मी हसावं की रडावं! शेवटी माझ्या वहिनीला फोन लावला. माझं माहेर पिंपळीचं, बारामतीला लागूनच. माझ्या भावाची बायको मोठी हुशार. तिच्याकडं फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बारा महिने फळं. उन्हाळ्यातली द्राक्षं, चिकू, जांभळं, सगळी गोठवलेली. पोरांना शाळेतून आल्यावर दुधात फिरवून देते.

“वन्सं,” ती फोनवर ओरडलीच, “सीताफळ चुलीवर ठेवलंत? अहो, ते तापलं की कडू होतं! बासुंदीत सुद्धा दूध पार गार झाल्यावर घालायचं असतं.”

“मला काय स्वप्न पडलं होतं?” मी म्हणाले. “आमच्याकडं सीताफळ खातात, शिजवत न्हाईत.”

“आता तसंच गार ठेवायचं. पिशवीत भरा, वरनं लिंबाचे चार थेंब पिळा म्हणजे काळं पडायचं न्हाय. थोडी साखर. आन् पिशवी भरून फुगवू नका. हातानं दाबून पोळीसारखी पातळ करा, सगळी हवा काढा, मगच बंद करा. गोळा ठेवलात तर मधे गोठायला लई वेळ लागतो, आन् काढताना दगड. पातळ असली की हवा तेवढा तुकडा मोडून घ्यायचा.”

मी पुन्हा घमेलं घेऊन बसले. चमचा घेऊन बिया काढतेय, तर आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या. जरा वेळ बघितलं आणि त्यांना राहवेना. “काय गं बया, बाहुलीचं न्हाणं चाललंय का? उद्या ह्या येळंपर्यंत व्हायचं न्हाय. सरक.” त्यांनी ताक घुसळायची रवी आणली, गर पातेल्यात ओतला आणि ताक करतात तशी हलक्या हातानं रवी फिरवली. बघता बघता बिया सुट्या होऊन खाली बसल्या. एकही फुटली नाही. फुटली तर गर कडवट होतो, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मी म्हणाले, “आधी का सांगितलं नाही?” तर म्हणाल्या, “तू इचारलंस कुठं? तू तर पातेली आपटत होतीस.”

त्या दिवसापासून आमचं रोजचं काम तेच. सकाळी त्या बांधावरून पाटी भरून आणायच्या, दुपारी त्या रवी धरायच्या आणि मी पिशव्या दाबायची. फ्रिजच्या वरच्या कप्प्यातून बर्फाचे ट्रे हद्दपार झाले, मटारची पिशवी गेली, आमच्या मालकांच्या थंड पाण्याची बाटली गेली. ते दारात उभे राहून म्हणायचे, “हा फ्रिज हाय का सीताफळाचं गोदाम?” मी म्हणायची, “गोदाम हाय. बोला!” दिवाळी झाली, बांध मोकळा झाला, तेव्हा कप्प्यात पांढऱ्या पातळ पिशव्यांची थप्पी लागलेली होती. मला इतका आनंद झाला की मी उगाचच फ्रिजचं दार उघडून बघून यायची.

आणि मग कळलं की आत्याबाई ते खाणारच नाहीत.

“शिळं हाय,” त्या म्हणाल्या.

“शिळं कसलं? ताजं असताना गोठवलंय!”

“झाडावरनं उतरून महिना झाला. म्हंजे शिळं. माझ्याच्यानं खाववत न्हाय.”

“मग इतके दिवस रवी कशाला फिरवत होता?”

“तुला येत नव्हतं म्हणून.”

मी एकादशीला विचारून बघितलं, उपासाला तरी घ्या, फळच आहे. तर म्हणाल्या, “हे कुठलं फळ? हा बर्फ हाय. उपासाला चालायचा न्हाय.” मला लगेच आशा वाटली. मी म्हणाले, “फळ नसेल तर मग काशीवरनं आल्यावरही चालेल की! फळ सोडलंत, बर्फ कुठं सोडलाय?” त्यावर त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “अगं, देव काय खुळा हाय? तू वकील व्हायला पायजे हुतीस.” आणि विषय संपला.

असे काही दिवस गेले. मी मधूनमधून गार दुधात तुकडे घालून वाटी त्यांच्यापुढं ठेवायची, त्या ती आबांकडं सरकवायच्या. आबा मात्र मजेत होते. एका दुपारी माझा संयम सुटला. मी वाटी उचलली, पिशवीही उचलली आणि म्हणाले, “नका खाऊ! एवढा जीव काढला तो म्हशीच्या आंबोणात घालते, ती तरी दुवा देईल!” आणि खरंच तणतणत गोठ्याकडं निघाले.

“अगं ए! अन्नाचा असा माज करू नगंस!” आत्याबाई मागून धावत आल्या. त्यांनी माझ्या हातातली वाटी हिसकावली. हिसकावताना दूध त्यांच्या बोटांवर सांडलं. आता सांडलेलं पुसायचं कुठं, म्हणून त्यांनी बोट तोंडात घातलं. आणि बोट तसंच तोंडात राहिलं. म्हैस आमच्याकडं बघत होती.

“दूध कुठलं घातलंस?” त्यांनी विचारलं.

“आपलंच. गार करून.”

त्यांनी पुन्हा बोट बुडवलं. मग गोठ्याच्या दारातच, दगडावर बसल्या आणि सगळी वाटी संपवली. मी हाक मारली तर ओ दिली नाही. तेव्हा मला कळलं की जमलं. माझा राग कुठल्या कुठं पळाला, आणि मी आत जाऊन एकटीच टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू!

त्यानंतर रोज दुपारी जेवण झालं की त्या आतूनच म्हणायच्या, “आण गं तुझं शिळं.” मी तुकडा मोडायची, गार दुधात घालायची. पौषात सीताफळ, माघात सीताफळ. आल्यागेल्याला त्या स्वतः वाढायच्या आणि वर ऐटीत सांगायच्या, “आमच्याकडं बारमाही असतंय.”

फाल्गुन लागला. काशीची बस ठरली, कपड्यांची पिशवी भरून झाली, आणि निघायला थोडेच दिवस राहिले असताना आमच्या वस्तीचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. फाल्गुनात उसाला, डाळिंबाला पाणी द्यायची सगळ्यांची घाई, सगळ्या मोटारी एकदम चालू, मग काय होणार? वायरमन म्हणाला, नवीन यायला दोन-चार दिवस तरी लागतील. सगळ्या वस्तीत अंधार, म्हणजे कुणाच्या फ्रिजचा आसरा घ्यावा तर तेही बंद. आमचे मालक डाळिंब घेऊन इंदापूरच्या बाजारात गेलेले, गाडी त्यांच्याबरोबर. मी वरचा कप्पा उघडला, तर पिशव्यांच्या कडा मऊ लागायला लागल्या होत्या. शेवटच्या दिवसांसाठी म्हणून मी त्या राखून ठेवल्या होत्या.

“पिंपळीला न्यायच्या,” आत्याबाई म्हणाल्या. “तुझ्या वहिनीच्या फ्रिजात.”

“एवढ्या उन्हात? तोवर पाणी होईल!”

“गोधडी आण. जाड बघून आण.”

त्यांनी सगळ्या पिशव्या एकावर एक घट्ट रचल्या, पोत्यात घातल्या, भोवती लाकडाचा भुसा दाबला. पूर्वी बर्फवाला लादी अशीच आणायचा म्हणे. वरून गोधडी गुंडाळली, सुतळीनं आवळली. ते गाठोडं उराशी धरून त्या पुढं आणि मी मागं, अशा आम्ही रस्त्यावर आलो. एसटी मिळाली. आत्याबाईंनी खिडकी सोडून सावलीची जागा धरली आणि गाठोडं मांडीवर घेतलं.

जरा वेळानं त्यातून थेंब थेंब पाणी गळायला लागलं. कंडक्टर आला. आधी त्यानं खाली बघितलं, मग गाठोड्याकडं. “मावशी, मासं हायत का?”

“तोंड सांभाळून बोल!” आत्याबाई कडाडल्या. “गळ्यात माळ दिसत न्हाय व्हय? सीताफळ हाय.”

“फाल्गुनात सीताफळ?” अख्खी एसटी हसली.

“मी म्हणते हाय ना!” मी मधे पडले. “तुमी तिकीट द्या.”

त्यानं तिकीट दिलं, पण जाता जाता दोनदा मागं वळून बघितलं. मला आधी हसू आलं आणि मग एकदम वाईट वाटलं. आत्याबाईंचं लुगडं मांडीवर ओलं झालं होतं. दोन्ही हातांनी त्यांनी गाठोडं असं धरलं होतं की जणू कुणी हिसकावून नेईल. मला राहवलं नाही.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “एवढा जीव आहे तुमचा ह्याच्यावर. अजून वेळ गेली नाही. माझं ऐका, पपई सोडा. देव काही म्हणणार नाही.”

त्या बाहेर बघत होत्या. कॅनॉलच्या कडेचे ऊस मागं पळत होते. मला वाटलं, नेहमीसारखं बोलतील काहीतरी. पण त्या म्हणाल्या, “तू बारामतीच्या दवाखान्यात हुतीस बघ, परवाच्या साली.”

मी होते. पोटात आतडं फुटलं होतं. रात्रीतून नेलं, ऑपरेशन झालं, आणि नंतर कितीतरी दिवस मी शुद्धीत होते आणि नव्हते. मला त्यातलं फारसं आठवतही नाही. घरी आले तेव्हा आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, “कालवण खाली लागलंय बघ तुझ्या नादात.” एवढंच. त्यावर आमच्या घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

“डाक्टर म्हणलं, सांगता येत न्हाय,” आत्याबाई म्हणाल्या. “मी भाईरच्या बाकड्यावर बसलेवते. देवाला म्हणलं, ही पोर चालत घरी येऊ दे. मी काशीला येते आन् माझं सगळ्यात आवडतं तुला देते.” मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. “आता तूच सांग. तुझ्यासाठी देवाला पपई देऊ व्हय?”

इतके महिने मी पातेली आपटत होते, त्यांना पपई सांगत होते, आणि माझ्याच जिवाची किंमत मीच पाडून मागत होते. मला आधी हुंदका आला आणि त्याच्यातूनच हसू फुटलं, आणि मग दोन्ही थांबेनात. शेजारची बाई घाबरून सरकून बसली. आत्याबाई म्हणाल्या, “गप. गाठोडं हालतंय.” मी त्या ओल्या गाठोड्याखाली माझेही हात घातले. पिंपळीचा थांबा येईपर्यंत आम्ही ते दोघींनी धरून ठेवलं.

वहिनीनं स्वतःची द्राक्षं बाहेर काढून पोरांना वाटून टाकली आणि आमच्या पिशव्या आत ठेवल्या. वरच्या दोन वितळल्या होत्या. वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही, वहिनी म्हणाली. तेव्हा त्या तिथल्या तिथं फोडल्या आणि आम्ही तिघींनी ओट्यावर बसून खाल्ल्या. आत्याबाईंना वाढताना माझा हात काही थांबेना. शेवटी त्याच ओरडल्या, “अगं, वाटी हाय का बादली?”

लाइट आली, पिशव्या घरी आल्या. निघायच्या आदल्या दुपारपर्यंत त्यांनी रोज खाल्लं. आता मी पपईचं नाव काढत नव्हते. नुसती समोर बसायची आणि बघायची. शेवटच्या दिवशी एक पिशवी उरली होती, तीही मी काढायला गेले, तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. पोट भरलं.” आणि खरंच भरल्यासारख्या दिसल्या. मग हात धुऊन, पदराला पुसून त्या बांधाकडं गेल्या. झाडांची पानं गळून गेली होती. त्या नुसत्याच फिरून आल्या.

काशीहून आल्यावर मावंदं घातलं. काशीची गंगा घरी आणली की गावजेवण करतात, ते मावंदं. बाया पाया पडायला येत होत्या आणि हळूच विचारत होत्या, “काय सोडलं?” आत्याबाई सरळ सांगत होत्या, “सीताफळ.” बाया तोंडावर पदर घेत होत्या. ड्रॅगन फ्रूटवाल्या काकू तर तिथून उठूनच गेल्या. मी पुऱ्या तळत होते आणि मनात एक गोष्ट पक्की करत होते. माझ्यापायी त्यांनी सोडलं, तर मला तरी ते कशाला हवं? आपणही खायचं नाही. कुणाला सांगायचं नाही, पण खायचं नाही.

दुपार उलटली, पंगती उठल्या, मांडववाला भांडी मोजून घेऊन गेला. मी दमून भिंतीला टेकले होते. आत्याबाई आत गेल्या. फ्रिजचं दार वाजलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात वाटी होती आणि दुसऱ्या हातात ती राहिलेली पिशवी. गार दूध, त्यात पांढरे तुकडे.

“खा,” म्हणाल्या. “सकाळपासनं तुझ्या पोटात काय न्हाय.”

“मला नको.”

“का नगं?”

मी खाली बघून म्हणाले, “मीही सोडलंय.”

अशा चिडल्या, अशा चिडल्या! एवढी काशी करून आलेली बाई, पण डोळे वटारून म्हणाल्या, “कुणाला इचारून? तू गेलीवतीस का गंगेत? मोठी आली सोडणारी! मी तितं पाण्यात उभी ऱ्हाऊन काय म्हणलं, ठावं हाय का तुला? म्हणलं, देवा, माझ्या वाटणीचं तुला दिलं, आता तिच्या वाटणीचं तिला पोटभर मिळू दे. तिला बरं केलंस ते खायला-प्यायलाच ना? आन् तू हितं त्वांड बांधून बस. म्हंजे माझं देणं गेलं मातीत.”

त्यांनी वाटी माझ्या हातात कोंबली आणि समोर मांडी घालून बसल्या. मी पहिला घास घेतला. डोळ्यांतलं पाणी वाटीत पडायला नको म्हणून मान वर केली, तर त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी चावते कशी, गिळते कशी, सगळं बघत होत्या. लहान पोर पहिल्यांदा भात खातं तेव्हा आई बघते तसं.

“गोड हाय का?” त्यांनी विचारलं.

“लई गोड हाय, आत्याबाई.”

“मग झालं,” त्या म्हणाल्या, आणि उरलेली पिशवी माझ्या वाटीत उपडी केली.